शोधकर्ती म्हणून ताहेरा शिकलगार यांचेच नाव राहावे

प्रति,
मा. पेटंट नियंत्रक,
पेटंट कार्यालय, मुंबई.

अर्जदार : शमशेर इस्माईल शिकलगार, धंदा लेथ व वेल्डिंग, रा. आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली
(मूळ अर्जदार व शोधकर्ती मयत ताहेरा शमशेर शिकलगार यांचे पती व वारस)

विषय : कडबाकुट्टी यंत्राच्या सुरक्षा-पाटाच्या पेटंट अर्जावर आलेली हरकत फेटाळणेबाबत व मयत शोधकर्तीचे नाव न वगळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयामार्फत मिळालेली हरकतीची प्रत. २) सुनावणीची सूचना.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार आष्टा येथे लेथ आणि वेल्डिंगचे वर्कशॉप चालवतो. नांगराचे फाळ, ट्रॉलीचे हूक आणि कडबाकुट्टी यंत्रांची दुरुस्ती ही त्याची रोजची कामे. आपल्या कार्यालयात मराठी चालत नाही याची त्याला कल्पना आहे, म्हणून सोबत इंग्रजी भाषांतर जोडले आहे. परंतु त्याच्या पत्नीने जे शोधले ते याच भाषेत शोधले, सबब मूळ निवेदन मराठीत ठेवले आहे. अर्जदाराने तोंडी सांगितले व त्याच्या सांगलीच्या वकील श्रीमती संयोगिता घोरपडे यांनी लिहून घेतले, त्यामुळे यात ‘मी’ऐवजी ‘अर्जदार’ असा शब्द पडला आहे. अर्जदाराची त्याला हरकत नाही. काही गोष्टी ‘मी’ म्हणून सांगायला त्याला जमल्याही नसत्या.

२. कडबाकुट्टी यंत्र आपण पाहिले असेल. ज्वारीचा कडबा, मका, उसाचे वाढे तोंडातून आत सरकवले की दोन रूळ ते ओढून घेतात आणि पाती त्याचे तुकडे करतात. वाढे कुठले आणि हात कुठला, हे रुळांना कळत नाही. आमच्याकडे हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात. अर्जदाराच्या वर्कशॉपला लागून असलेल्या मळ्यात मनुबाई नावाची ताहेराची मैत्रीण राहते. तिचा उजवा हात अशाच यंत्रात मनगटापासून गेला. सांगलीच्या दवाखान्यात तिच्या उशाशी ताहेरा बसून होती. तिथून घरी आली ती सरळ वर्कशॉपमध्ये शिरली आणि दुरुस्तीला आलेल्या एका यंत्रापुढे उभी राहिली. बराच वेळ ती नुसती उभी होती.

३. अर्जदार त्या काळात यंत्राच्या तोंडाला जाळी, झडप, पत्र्याचा बोगदा असे निरनिराळे प्रकार बसवून पाहत होता. ते बायकांनी काढून टाकले, कारण चारा अडकायचा आणि गोठ्यात म्हशी ओरडत असायच्या. ताहेराने मात्र निराळेच आरंभले. ती मळ्यामळ्यातून जाऊन चारा घालणाऱ्या बायकांच्या मागे, जमिनीवर, बसून राहू लागली. लोकांना वाटले, मनुबाईच्या प्रकाराने हिच्या डोक्यावर परिणाम झाला. त्या बायकांपैकी काहींची प्रतिज्ञापत्रे सोबत आहेत. त्यांत एकीने म्हटले आहे ते तिच्याच शब्दांत असे : “ही बाई आमच्या तोंडाकडं बघंना, हाताकडं बघंना. नुसतं पायाकडं बघत बसायची. आमी म्हणलं, काय जोडवी हरवल्यात का काय हिची.”

४. एके दिवशी दुपारी ती वर्कशॉपमध्ये आली. अर्जदार झडपेला भोक पाडत होता. ती म्हणाली, “आवं, ते ठेवा खाली. हातावर कसली नजर ठेवताय? हात तर कामातच असतोय. हात आत जायच्या आदी बाईची टाच उचलते. पेंडी अडकली की ती पुढं वाकते, वाकली की टाच वर. दर खेपेला. टाच वर गेली की मशीन बंद पडाय पायजे.”

अर्जदार झडप हातात घेऊन तसाच उभा राहिला. तो चुकीच्या टोकाला काम करत होता, हे त्याला त्या क्षणी कळले. त्यानंतरचे काम त्याचे : चारा घालताना उभे राहायचा लोखंडी पाट, त्याखाली टाचेच्या जागी स्प्रिंग, टाच सुटताच मोटारीची वीज तोडणारा आणि रूळ उलटे फिरवणारा खटका. हे त्याने कापले, जोडले, चालवून पाहिले. पण आधी टाच पाहिली होती ती ताहेराने.

५. सुरुवातीला शेजारच्या गोठ्यांत चाचणीपुरत्या दिलेल्या पाटांना भोंगा लावला होता. त्याने जनावरे बुजली, एका म्हशीने दावे तोडले, आणि बायका भोंग्याच्या वायरी कापू लागल्या. तेव्हा ताहेरा म्हणाली, “मशीनचं कोण ऐकतंय? बाईनं बाईला सांगितलं तर ऐकंल.” तिने घरच्या स्वयंपाकघरात उभे राहून मोबाईलवर एक वाक्य बोलून दिले : “पाय टेक गं बाई, पाय टेक.” बोलून झाल्यावर मोबाईल बंद करायला तिने हात पुढे केला, त्यामुळे वाक्यामागून बांगड्या किणकिणल्या. पुन्हा करू या का, असे अर्जदाराने विचारले. ती म्हणाली, असू दे, बाईचाच आवाज आहे हे तरी कळेल. ते वाक्य बांगड्यांसकट एका छोट्या कार्डावर भरून पाटाला बसवले. टाच उचलली की मोटार थांबे आणि ताहेरा बोले.

६. कऱ्हाडच्या कृषी प्रदर्शनात पाट मांडायचा ठरला, तेव्हा वकील बाईंनी आधी थांबवले. लोकांना दाखवले आणि मागून अर्ज केला तर शोध नवा राहत नाही, असे त्यांनी समजावले. अर्ज भरताना त्यांनी विचारले, “शोधकर्ता म्हणून कुणाचं नाव? काका, कायदा हातानं घडवणाऱ्याला शोधकर्ता म्हणत नाही. ज्याच्या डोक्यातून कल्पना निघाली त्याला म्हणतो. टाच कुणी पाहिली?” अर्जदाराने ताहेराकडे बोट केले. ती लाजली आणि पदर सारखा करून सही करायला बसली. सही मराठीत चालेल का, एवढेच तिने विचारले. अशा रीतीने शोधकर्ती आणि अर्जदार दोन्ही ठिकाणी तिचे नाव गेले व अर्ज दाखल झाल्यावरच पाट प्रदर्शनात ठेवला.

७. तिथे वीरधवल नावाचे शेती-अवजारांचे एक व्यापारी आले. त्यांचा साताऱ्याकडे छोटा कारखाना आहे. त्यांनी पाटावर स्वतः उभे राहून टाच वरखाली करून पाहिली, ताहेराला हात जोडून “वहिनी, कमाल केलीसा” म्हणाले आणि वापरून बघतो म्हणून एक पाट नेला. त्यानंतर काही महिन्यांत ताहेराला ताप आला. तो मेंदूत गेला. अर्जदार, त्याची मुलगी शाझिया आणि मनुबाई असे तिघे दवाखान्यात असताना ती गेली. वारस म्हणून अर्जदाराचे नाव पुढे लावण्याचा कागद आपल्या कार्यालयात रीतसर दाखल आहे. त्याबाबत काही वाद नाही.

८. आता जे सांगायचे आहे, ते पेटंटच्या नमुन्यात कोणत्या रकान्यात बसते हे अर्जदाराला ठाऊक नाही. ताहेराच्या मृत्यूला वर्ष होत आले असताना अर्जदार ट्रॉलीच्या कामासाठी वडूजला गेला होता. भर दुपार. माळावरचे ऊन, रस्त्याला चिटपाखरू नव्हते. एका गोठ्यावरून चालत जाताना आतून ताहेरा म्हणाली, “पाय टेक गं बाई, पाय टेक.” आणि बांगड्या वाजल्या.

अर्जदार रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसला. आत जाऊन पाहण्याचे धाडस त्याला होईना, आणि उठून निघून जाणेही होईना. पुन्हा आवाज आला. पुन्हा आला. गोठ्यातली बाई बाहेर आली, तिने पाणी दिले आणि विचारले, “पावनं, उन्हाचं लागलं का काय?” मग त्याने आत जाऊन पाहिले. नवे कोरे यंत्र, वीरधवल यांच्या कारखान्याचा शिक्का, खाली हुबेहूब तोच पाट. त्यांनी कार्डसुद्धा जसेच्या तसे उतरवले होते. बांगड्यांसकट.

९. तिथून पुढे अर्जदाराला सुटका राहिली नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तो जिथे कामाला जाई तिथे संध्याकाळी चाऱ्याच्या वेळेला एखाद्या गोठ्यातून ती बोले. मिरजेच्या वाटेवर, तासगावच्या अलीकडे, शेवटी त्याच्या स्वतःच्या गल्लीच्या टोकाला. तो काम अर्धे टाकून निघू लागला. मुलगी शाझिया पाचगणीला एका शाळेच्या वसतिगृहात नोकरीला आहे. तिने आष्ट्याला येणे बंद केले. फोनवर म्हणाली, “अब्बा, मला बोळातून येताना अम्मी ओरडते. मी नाही येत.”

अर्जदाराने चौकशी केली. पेटंट मंजूर झाल्याशिवाय नकलेवर दावा लावता येत नाही, मात्र अर्ज प्रसिद्ध झाल्या दिवसापासूनची भरपाई पुढे मागता येते, असे वकील बाईंनी सांगितले. आवाजाबद्दल विचारले तर तो पेटंटचा विषयच नाही, त्याचा कायदा वेगळा आणि दार वेगळे. दुसऱ्या एका कार्यालयात अर्जदार गेला. तेथील गृहस्थ सज्जन होते. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ज्यांचा आवाज आहे त्यांना एकदा घेऊन या. इथं बोलून दाखवतील, म्हणजे जुळवून बघता येईल.” अर्जदाराने बरे म्हटले आणि बाहेर आला. जिन्यात आल्यावर त्याच्या ध्यानात आले की आपण खरेच बरे म्हणालो.

१०. त्यानंतर वीरधवल यांच्या कारखान्याने आपल्यापुढील हरकत दाखल केली. तिच्यात दोन मुद्दे आहेत. पहिला असा की पायाने चालणारा खटका शिलाई यंत्रापासून लेथपर्यंत सर्वत्र आहे, त्यात नवे काही नाही. यावर अर्जदाराचे नम्र म्हणणे असे की ते सर्व खटके माणूस मुद्दाम दाबतो किंवा सोडतो. टाच माणूस मुद्दाम उचलत नाही. ती उचलल्याचे त्या बाईला स्वतःलाही कळत नाही. आपण नकळत जी हालचाल करतो तिच्यावर यंत्र थांबवणे, हा शोध आहे. तांत्रिक उत्तर वकील बाईंनी स्वतंत्र जोडले आहे.

दुसरा मुद्दा असा की मयत ताहेरा सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी होती, वर्कशॉप तिच्या पतीचे, सबब शोध पतीचा असणार, शोधकर्तीची घोषणा खोटी आणि अर्जच रद्दबातल. हा मुद्दा ऐकून मनुबाई एवढेच म्हणाली, “मग माझा हातबी गेला न्हाई म्हणायचं का?”

११. हरकत दाखल केल्यावर वीरधवल स्वतः वर्कशॉपमध्ये आले. चहा घेतला. म्हणाले, “शमशेरभाई, भांडण वाढवायचं न्हाई मला. पाट तुमीच केला हे सगळं आष्टा जाणतंय. वहिनींचं नाव घातलंसा, चांगली गोष्ट केलीसा. पण त्यांना आता त्याचा काय उपयोग? नावात दुरुस्ती मागा, शोधकर्ता म्हणून तुमी उभं ऱ्हावा आणि हक्क आमच्या कारखान्याला द्या. हरकत मी मागं घेतो. आणि तो आवाज...” त्यांनी कपबशी बाजूला सारली. “तुमाला त्रास हुतोय म्हणं. बंद करतो. दुसऱ्या कुणाचा तरी घालतो.”

अर्जदार खोटे लिहू इच्छित नाही असे इथे लिहिणे सोपे आहे. तसे घडले नाही. त्याने विचार करतो म्हटले. शाझियाला फोन केला. ती वारस असल्याने हरकतीला द्यायच्या उत्तराच्या कागदावर तिची सही लागत होती आणि ती सही द्यायला ती तयार नव्हती. ती म्हणाली, “अब्बा, त्यांचं ऐका. नाव जाऊ दे. अम्मीचा आवाज तरी थांबेल. तिला झोपू द्या.” अर्जदार नावदुरुस्तीच्या कागदाबद्दल विचारायला सांगलीला जाणार होता, हे तो आपल्यापासून लपवत नाही.

१२. त्या आठवड्यात कोयनेकडे भूकंपाचा हलका धक्का बसला. तिकडे तो नेहमीचाच, भांडी वाजतात आणि माणसे पुन्हा कामाला लागतात. परंतु कोयनानगरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या सरपंचांनी वीरधवल यांच्या कारखान्याचा नंबर न लागल्याने दुरुस्तीवाला म्हणून अर्जदाराला फोन केला. चाऱ्याची वेळ होती, वाडीतली सगळी यंत्रे चालू होती. जमीन हलली, पाटाखालच्या स्प्रिंगा हलल्या आणि सगळ्या गोठ्यांतून एकदम एक बाई बोलू लागली. खटके अडकले, ती थांबेना. बायका लेकरांना घेऊन अंगणात आल्या आणि ती चहूकडून सांगत राहिली, पाय टेक, पाय टेक. “लय भ्यालो आमी,” सरपंच म्हणाले. “पर भूकंपाला न्हाई.”

अर्जदार खटके सोडवायला निघाला. शाझियाला कळले तशी ती पाचगणीहून खाली आली आणि गाडीत बसली. हे काम शेवटचे, त्यानंतर नावदुरुस्तीच्या कागदावर सही करा, असे तिने बापाकडून कबूल करून घेतले.

१३. वाडीत पहिलेच घर शालूबाईंचे. एकट्या राहतात, दोन म्हशी. अर्जदाराने खटका सोडवला, यंत्र चालू करून दिले आणि त्या चारा घालू लागल्या. वाढे अडकले. त्या पुढे वाकल्या, टाच सुटली. मोटार थांबली, ताहेरा बोलली. शालूबाई मागे न बघता म्हणाल्या, “टेकला गं बाई, टेकला.” आणि कामाला लागल्या.

शाझियाने विचारले, “आजी, तुम्ही कुणाशी बोललात?”

“तिच्याशी,” शालूबाई म्हणाल्या. “समद्या वाडीत बोलत्यात. ती एवढं काळजीनं सांगती, मग तिला उत्तर नको का द्यायला? कोण हाय, कुठली हाय, ठाव न्हाई. माझा हात गेला आसता गेल्या दिवाळीत. पदर गेला हुता रुळात. तिनं हटकलं.”

अर्जदार हत्यारे आवरू लागला. शाझियाच पुढे झाली आणि मी घालू का चारा, असे म्हणाली. ती पाटावर उभी राहिली. मक्याची पेंडी हातात घेऊन तिने टाच उचलली. आवाज आला, बांगड्या वाजल्या. तिने टाच टेकली, पुन्हा उचलली. पुन्हा टेकली, पुन्हा उचलली. पेंडी तशीच हातात. किती वेळ ते चालले हे अर्जदार सांगू शकत नाही, तो गोठ्याच्या कुडाकडे तोंड करून उभा होता. शेवटी शालूबाई म्हणाल्या, “पोरी, म्हशी उपाशी हायत्या गं.” तेव्हा शाझिया खाली उतरली. आपण कोण, हे दोघांनीही शालूबाईंना सांगितले नाही. संध्याकाळपर्यंत अर्जदार बाकीच्या गोठ्यांतले खटके सोडवत होता आणि ती बॅटरी धरून शेजारी उभी होती.

परतताना हेळवाकच्या अलीकडे तिने गाडी थांबवायला लावली आणि वकील बाईंना फोन करून उत्तराच्या कागदावर सही द्यायला उद्या येते असे सांगितले. सोबतच्या उत्तरावर तिची सही आहे.

१४. सबब नम्र विनंती की, सदर अर्जात शोधकर्ती म्हणून ताहेरा शमशेर शिकलगार हेच नाव कायम ठेवावे, अर्जदाराचे नाव त्या जागी येऊ नये, आणि हरकत फेटाळून पेटंट मंजूर व्हावे. बायकांची प्रतिज्ञापत्रे अपुरी वाटल्यास मनुबाई सुनावणीस हजर राहण्यास तयार आहे. दुसरे असे की, पेटंट मिळाल्यावर अर्जदार वीरधवल यांच्या कारखान्यावर दावा करेल व त्यांनी यापुढे परवानगीशिवाय पाट बनवू नये अशी मागणी करेल. मात्र जी यंत्रे लोकांच्या गोठ्यांत गेली आहेत, त्यांतले एकही यंत्र काढून नेण्याची त्याची इच्छा नाही.

१५. हा शेवटचा परिच्छेद निर्णयाला आवश्यक नाही, वगळावा, असे वकील बाईंचे मत होते. अर्जदाराने तो ठेवण्याची विनंती केली. अर्जदाराला ताहेराची दुसरी कोणतीच हाक आता ऐकू येत नाही. ती जेवायला कशी बोलवायची, शाझियाला कशी रागवायची, दवाखान्यात शेवटी काय म्हणाली, ते शब्द त्याला पाठ आहेत, पण ते तिच्या आवाजात येत नाहीत. आठवायला गेले की तेवढे एक वाक्य पुढे येते आणि बाकीचे सगळे झाकून टाकते. आवाज बंद करतो असे वीरधवल म्हणाले तेव्हा त्याला मोह पडला तो यासाठी. गोठे गप्प झाले तर तिचे बाकीचे बोलणे परत येईल, असे त्याला वाटले होते, आणि अजूनही वाटते. दाव्यात आवाज बंद करण्याची मागणी घालायची का, असे वकील बाईंनी त्याला परवा विचारले. त्याने नको म्हणून सांगितले. तो आवाज जिथे आहे तिथे राहू द्यावा. जे झाकले गेले ते झाकलेले राहील, आणि त्याबद्दल अर्जदाराची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

सहपत्रे : शोधकर्तीला मळ्यांत पाहिलेल्या बायकांची प्रतिज्ञापत्रे, मनुबाईचे निवेदन (डाव्या हाताच्या अंगठ्यासह), तांत्रिक उत्तर, वारस शाझिया शमशेर शिकलगार हिची उत्तरास सहीनिशी संमती, इंग्रजी भाषांतर.

स्थळ : सांगली
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा, नम्र,

(सही)
शमशेर इस्माईल शिकलगार
मयत शोधकर्ती ताहेरा यांच्याकरिता